जिन्याखालची तिसरी बादली

त्या रविवारी एक कुटुंब बेघर व्हायचं वाचलं, याचं समाधान मला अजून पुरतं. खरं तर त्यांना घालवायची सगळी तयारी मीच केली होती.

संप फसला, गिरणी बंद पडली, आणि बऱ्याच वर्षांनी मी लालबागच्या आमच्या चाळीचा सेक्रेटरी झालो. गिरणीत मी कापडाच्या गाठींवर अक्षरं रंगवायचो, त्यामुळे माझं अक्षर सुरेख, आणि त्याची घमेंडही तेवढीच. मिसळलेला कचरा गाडीवाले उचलेनात, तेव्हा मी जिन्याखाली दोन बादल्या ठेवल्या. हिरवीवर 'ओला कचरा' रंगवलं, निळीवर 'सुका कचरा', आणि दोन दिवस येता-जाता स्वतःचीच अक्षरं बघत राहिलो.

त्याच सुमाराला तळमजल्यावर ओडिशाहून एक जोडपं भाड्याने राहायला आलं. तो आमच्याच गिरणीच्या जागेवर उठणाऱ्या टॉवरवर कामाला, ती तान्ह्या मुलीला घेऊन घरी. ती आल्यापासून हिरव्या बादलीत दुधाच्या पिशव्या आणि निळ्या बादलीत माशांचे काटे. गाडीवाले दोन्ही बादल्या तशाच सोडून जायचे आणि चाळभर घाण सुटायची. मी तिच्यावर दोनदा ओरडलो. मग कमिटीत तावातावाने बोललो आणि ठरवूनच घेतलं, रविवारपर्यंत सुधारणा नाही झाली तर खोलीमालकाला सांगून खोली खाली करायची. तिच्या नवऱ्याला तसं बजावूनही आलो.

घरी बायकोने विचारलं, "अहो, तिका मराठी वाचूक येता काय?"

"रंग तरी दिसतो ना?"

"रंग दिसता. पन कसल्या रंगात काय टाकूचा, ता तिका कोण सांगतलो?"

मी चिडून पेपर वाचत बसलो. पण शनिवारी सकाळी चप्पल घातली आणि तिच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती दोन डबे पुढ्यात घेऊन कचराच निवडत होती. एका डब्यात देवाची फुलं, भाजीची सालं आणि स्वच्छ धुतलेल्या दुधाच्या पिशव्या. दुसऱ्यात ताटातला भात, काटे, चहा पिऊन चुरगळलेले कागदी कप.

मी काटे फुलांच्या डब्यात टाकायची खूण केली, तशी तिने डबा मागे ओढला. "चाचा, ये जूठा है. पूजा का फूल इसके साथ कैसे डालेगा?"

माझ्या आईनेही जन्मभर खरकटं असंच वेगळं ठेवलं होतं. खरकट्या हाताने आम्ही नुसतं देव्हाऱ्याकडे वळलो तरी ती कडाडायची. म्हणजे ही बाई कचरा मिसळत नव्हतीच. ती आमच्याहून काटेकोरपणे वेगळा करत होती, फक्त तिचा नियम निराळा होता. माझी मलाच लाज वाटली.

दुपारी मी तिसरी लहान बादली आणली, फक्त देवाच्या फुलांसाठी. तिच्यावर झेंडू रंगवला. हिरवीवर माशाचा काटा आणि केळ्याचं साल काढलं. निळीच्या वर भिंतीवर खिळा ठोकून खरीच दुधाची पिशवी आणि कागदी कप टांगला. तिला बोलावून एकेक वस्तू टाकून दाखवली. फुलांची सोय वेगळी झालेली बघितल्यावर सालं आणि काटे एकत्र टाकायला तिची काहीच हरकत नव्हती.

रविवारी कमिटीचे लोक जिन्याखाली जमले. गाडीवाल्याने बादल्या चाळवून पाहिल्या आणि दोन्ही गाडीत रिकाम्या केल्या. फुलं त्याने वेगळ्या पिशवीत घेतली.

"राहू द्या त्यांना," अध्यक्ष म्हणाले.

ती दारात मुलीला घेऊन उभी होती. तिला ते कळलं नाही, म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं.

"रहने का. इधरच रहने का," मी म्हणालो.

ती वळून आत गेली. मी डोकावलो, तर सगळी भांडी पोत्यात भरून तोंड सुतळीने बांधलेलं. मुलीला खाली ठेवून ती पोत्याची गाठ सोडत होती.