मॅनहोलपुढच्या चपला

काचेच्या पेटीत चपला ठेवलेल्या बघितल्या आणि माझं डोकंच फिरलं. कोऱ्या करकरीत, तेल लावून चकाकवलेल्या, आणि शेजारी पाटी, 'आपली पहिली सेफ्टी सिस्टीम'. चिंचोळीच्या नव्या इमारतीत कंपनीनं जुन्या आठवणींची एक भिंत केली आहे. होटगी रोडवरच्या पत्र्याच्या शेडचा फोटो, पहिला हातोडा आणि या चपला. चपलांची गोष्ट साहेबांना सांगणारा मीच. पण मी अर्धीच सांगितली होती.

त्या शेडमध्ये मालक धरून आम्ही सातजण होतो. गिरण्यांचे जुने बॉयलर दुरुस्त करायचो. गिरण्या बंद पडल्या तसे टॉवेल-चादरीच्या कारखान्यांसाठी लहान बॉयलर बनवायला लागलो, मग साखर कारखान्यांचे मोठे, उसाच्या चिपाडावर वीज करणारे. कंपनीचं नाव तीनदा बदललं. आता पोरी एसीत बसून मोहोळकडच्या बॉयलरचं प्रेशर पडद्यावर बघतात. आत माणूस उतरला की त्याच्या कार्डावरून तांबडा दिवा लागतो. आमच्या वेळी दिवा कुठला हो, चपला होत्या.

बॉयलरच्या पोटात शिरायला एक लांबट भोक असतं, ते मॅनहोल. आत जाणाऱ्यानं चपला बरोबर त्याच्यापुढं काढायच्या. चपला दिसतात तोवर झाकण लावायचं नाही. हा नियम मामांचा. मामा म्हणजे आमचे थोरले मिस्त्री, मला फिटरचं काम त्यांनीच शिकवलं. कंप्रेसरच्या गोंगाटात हाक ऐकू येत नाही म्हणून ते म्हणायचे, "वरडून इचारू नगंस, चपलांना इचार. त्या खोटं बोलत न्हाईत."

एक दिवस पाण्याच्या दाबाची चाचणी होती आणि इन्स्पेक्टर येणार होते. मालकांनी फर्मान काढलं, शेड आरशासारखी दिसली पाहिजे. मी झाडू घेतला. चिंध्या, सळ्यांचे तुकडे, इकडंतिकडं पडलेल्या चपला, सगळं पोत्यात भरलं आणि मागच्या पत्र्याआड टाकलं. तासाभरानं मॅनहोलपुढं आलो. चपला नव्हत्या. झाकण बसवलं, नट आवळले, बॉयलरमध्ये पाणी भरणारा पंप सुरू केला.

आतून ठक ठक आवाज यायला लागला. मी म्हणालो, "पाईपात हवा अडकलीय, बॉयलरला उचकी लागलीय." सगळे हसले की हो! इन्स्पेक्टरही हसले.

मग चहा आला. इन्स्पेक्टरांना कपबशी, आमचे सात ग्लास, सहाजणांनी उचलले. एक ग्लास स्टुलावर तसाच राहिला, त्याच्यावर साय धरली. मालक म्हणाले, "मामा कुठंयत?"

पंप बंद केला. नट खोलले तसं पाणी भसाभस बाहेर आलं. मामा आत उभे होते, गळ्यापर्यंत भिजलेले. डोकं वर पत्र्याला टेकलेलं, हातात हातोडी. त्यांना बाहेर ओढून काढलं. अंगातून पाणी निथळत ते मॅनहोलपुढची जमीन बघत राहिले आणि अनवाणीच घरी गेले.

मालकांनी मला विचारलं. मी म्हणालो, "चपला नव्हत्या." खरंच नव्हत्या! मग सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की मामांनीच चपला भलतीकडं कुठंतरी काढल्या, वय झालं. स्वतःचाच नियम मोडला म्हणून माणसं वर्षानुवर्षं त्यांची चेष्टा करत राहिली. मामा परत कामावर आले नाहीत. पोतं मी दोन दिवसांनी उघडलं. त्यांच्या चपला सगळ्यात वर होत्या. त्या मी भट्टीत टाकल्या. लाज वाटते सांगायला, पण टाकल्या.

तेव्हापासून तो आवाज माझ्यामागं आहे. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढायला लागलं की ठक ठक. बायको कुकर लावते तेव्हा मी अंगणात जाऊन उभा राहतो. तिला वाटतं, मला शिट्टीचा त्रास होतो.

तर त्या पेटीपुढून मी तडक होटगीला गेलो. ठरवूनच गेलो, आज मामांना सांगायचं.

मामांच्या घराला दार नाही. चौकट आहे, बिजागऱ्या आहेत, दार नाही. आतल्या खोलीलाही नाही, न्हाणीला नुसता पडदा. मी बघतोय हे मामींच्या लक्षात आलं. "लावलेलं दार त्येनला चालत न्हाय," त्या म्हणाल्या. "थंडीतबी न्हाय. लई वर्सं झाली."

मामा खाटेवर होते, वाळून काडी झालेले. मला ओळखलं. कंपनी केवढी झाली विचारलं. मी पडद्यांचं, कार्डांचं, तांबड्या दिव्याचं सांगत बसलो. तोंडाशी आलेलं प्रत्येक वेळी गिळत होतो. मामींनी पोहे दिले. मी खात होतो तेव्हा मामा काठी टेकत उठले आणि उंबऱ्याकडं गेले. मला वाटलं, उन्हाला बसले असतील. खरं सांगू, मला सुटल्यासारखंच झालं. आता न सांगताच निघावं म्हणून मी बाहेर आलो.

मामा उंबऱ्यावर बसले होते. माझ्या चपला त्यांनी नीट जोडून ठेवल्या होत्या आणि त्यांच्यावर हात ठेवला होता.

"हे काय मामा?"

"तू आत व्हतास न्हवं."

मी तिथंच खाली बसलो आणि म्हणालो, "मामा, त्या दिवशी तुमच्या चपला मी उचलल्या होत्या."

"म्हाईत हाय की. आतनं तुजा हात दिसला व्हता." त्यांनी हात काढला नाही. "वाटलं, झाडून झालं की परत ठेवशील."

मला रडू फुटलं. मी विचारलं, "मग तेव्हा बोलला का नाहीत? माणसं तुम्हाला हसत होती..."

मामांनी चपला माझ्याकडं सरकवल्या. "तू सांगशील म्हनून थांबलो व्हतो," ते म्हणाले.