अंगी लागणं

चारुलता हिंदी मुलखातल्या सिमरोल गावाच्या रस्त्यावरच्या एका प्रयोगशाळेत उंदीर सांभाळायची. पांढऱ्या उंदरांची दोन घराणी तिथे वाढवली होती. एकात दर पिढीचे सगळ्यांत जाडे निवडून त्यांचीच वीण पुढे चालवायची, दुसऱ्यात सगळ्यांत हडकुळे. हडकुळ्यांच्या आतड्यांत अन्न किती जिरतं, ते आता तपासत होते. भरपूर खाऊनही त्यांच्या अंगी काही म्हणून लागत नव्हतं.

घरी वल्लरीचंही तेच. बारा वर्षांची पोर, दिसायची सात-आठची. लग्नकार्यात कोणीतरी विचारायचंच, "काय गं चारू, पोरीला खायला-प्यायला देते की नाही?" चारुलता हसून वेळ मारून न्यायची आणि घरी येऊन पोरीवर चिडायची.

एकदा तिने संशोधक मानस सरांना सहज विचारलं, या सुकड्यांना जाड करायचं तर काय करायचं? "चारुलताजी, तूप-बीप चारलं ना, तो यांच्या अंगावर पण थोडं मांस चढेलच," सर म्हणाले आणि चहाला गेले. बिचारे उंदरांबद्दल बोलले होते. हिने ते गाठीशी बांधून घरी आणलं.

मग रोज बाफले, गव्हाच्या कणकेचे उकडून भाजलेले गोळे, तुपात बुडवलेले. "आई, पेट दुखतंय ना, बस," वल्लरी म्हणायची. "कुछ नहीं होता, खा," म्हणत ही घास कोंबायची. पोरीने एकदा बाफला फ्रॉकच्या खिशात लपवला, तेव्हा थोबाडीतही दिली.

शेवटी वल्लरी शाळेत चक्कर येऊन पडली आणि तपासण्या झाल्या. गहूच तिला सोसत नव्हता. त्याने आतडं आतून झिजवलं होतं. "गहू बंद करा, आतडं सुधारेल," डॉक्टर म्हणाले. "उंचीचं मात्र सांगता येत नाही." सुधारेल हे चारुलताच्या कानात शिरलंच नाही. आपण आपल्या हाताने पोरीला विष चारलं, एवढंच तिला कळलं.

आता घरात गव्हाचा कण नाही. पण वल्लरी आईच्या हातचं काहीच खात नाही. ताटाचा वास घेते आणि तोंड मिटते.

"यात गहू नाही गं राजा," चारुलता काकुळतीला येते.

"तेव्हा पण तू म्हणायची, कुछ नहीं होता."

काल एका हडकुळ्या उंदराने तिच्या बोटांतून दाणा घेतला आणि निवांत कुरतडत बसला. चारुलता पिंजऱ्यापाशीच रडली. घरी येऊन तिने ज्वारीची भाकरी वल्लरीसमोर ठेवली आणि स्वतः आत गेली. आपण समोर नसलो तर खाईल, असं तिला वाटलं. बाहेर आली तर ताट रिकामं. कित्येक दिवसांनी तीही पोटभर जेवली.

सकाळी तिने वल्लरीचा फ्रॉक धुवायला घेतला. खिशातून भाकरी निघाली, तुकडे केलेली, सगळीच्या सगळी.