राखून ठेवलेला जोर

डॉक्टर म्हणाले, "जीबीएस." मी म्हटलं, साहेब, नाव छोटं आहे, आजारपण पण छोटंच असेल. ते हसले नाहीत. तेव्हाच मला कळलं की आपलं काही खरं नाही, कारण माझ्या बोलण्यावर न हसणारा माणूस आमच्या गावात, पोशेऱ्यात, अजून जन्माला यायचा आहे.

पूर्ण नाव गियाँ-बारे सिंड्रोम. हे नाव न अडखळता घेता आलं तर अर्धा आजार तिथंच पळावा, पण पळत नाही. आपल्या शिरांवर विजेच्या वायरसारखं एक कव्हर असतं. अंगातले राखणदारच चवताळून ते कव्हर खातात. घरात उंदीर वायर खातो आणि दिवा लागत नाही, तसंच. बटण दाबलं तरी पाय पेटत नाही.

सुरुवात अगदी साधी होती. पावसाळा सरता सरता जुलाब झाले, थांबले. मग पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मी आधी खरोखर अंथरूण झटकून मुंग्या शोधल्या. कोणाला असं झालं तर अंथरूण झटकत बसू नका, डॉक्टरकडे जा. मी गेलो नाही. नाचणीच्या शेताकडच्या चढावर टेकायला म्हणून बसलो आणि उठताच येईना. माझी बायको यमुना आणि चुलतभाऊ रघू यांनी मला झोळीत घालून जीपपर्यंत आणलं. रघू नंतर सगळ्यांना सांगत सुटला की मी मेलेल्या रेड्याएवढा जड होतो. मी म्हणालो, मेलेला कशाला, जिवंत म्हण.

मोखाड्याच्या दवाखान्यातून नाशिकला पाठवलं. तिथं लंबर पंक्चर केलं, म्हणजे पाठीच्या मणक्यातून सुईने पाणी काढून तपासलं. मग नर्व्ह कंडक्शन, म्हणजे पायाला करंटचे चटके द्यायचे आणि शिरेतून निरोप पोचतो का ते बघायचं. माझा निरोप गुडघ्याखाली पोचतच नव्हता. आजार छातीपर्यंत चढला तर श्वासाच्या मशीनवर ठेवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून ते रोज सकाळी एका श्वासात आकडे मोजायला लावायचे. मी विसाच्या आसपास संपायचो आणि म्हणायचो, शाळेत एवढंच शिकवलं. यमुना बाकावर बसून पदराने तोंड झाकून घ्यायची. मला वाटायचं हसतेय.

इम्युनोग्लोब्युलिन नावाच्या बाटल्या लावल्या. रक्तदान केलेल्या माणसांच्या रक्तातून काढलेली ती ताकद असते. म्हणजे माझ्या अंगात कितीतरी अनोळखी लोक शिरले. आजार चढायचा थांबला, त्यांचे उपकार आहेत. पण पायाला जोर एकानेही आणला नाही.

घरी आलो आणि खरं आजारपण सुरू झालं. हॉस्पिटलात पलंग असतो, त्याच्या कडेवरून पाय सोडून माणसासारखं बसता येतं. आमच्या घरात सगळं भुईवर. जेवण भुईवर, झोप भुईवर, गप्पा भुईवर. भुईवरून ज्याला आपलं आपण उठता येत नाही तो माणूस आमच्याकडे माणसात नसतो, तो मडकं असतो. ठेवलं तिथं. यमुना मला उचलायची, परसाकडे न्यायची, पुसायची. मी भिंतीकडे तोंड करून पडायचो. मोठ्या गप्पा मारणाऱ्याला गप्प बसणं काय असतं ते तेव्हा कळलं. मरावं असं वाटायचं, आणि त्यासाठी पण उठता येत नव्हतं.

मग कळलं की जव्हारच्या एका दवाखान्यात व्यायामाचं नवीन मशीन आलं आहे. मोटराइज्ड रेझिस्टन्स मशीन. त्यात लोखंडाची वजनं नसतात. आत मोटर असते. खुर्चीत बसायचं, समोरची पाटी पायाने ढकलायची. जेवढं तुम्ही ढकलाल तेवढंच मोटर उलटं ढकलते, आणि पडद्यावर किलोचा आकडा येतो. म्हणे वेळ फार वाचतो, पाच मिनिटांत तासाभराचा व्यायाम. मी पोशेऱ्याहून दोन जीप बदलून, रघूच्या पाठीवर बसून अर्धा दिवस जायचो, ते एक विडी ओढायला लागेल तेवढ्या व्यायामाला. असा आमचा वेळ वाचायचा.

पहिल्या दिवशी तिथल्या फिजिओथेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, "दादा, आहे तेवढा सगळा जोर लावा. आज जो आकडा येईल त्यावरूनच मशीन पुढचं काम ठरवणार."

मी कान टवकारले. हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं आहे. भिवंडीकडे मातीकामाला टोळी जाते तेव्हा मुकादम पहिल्या दिवशी हेच बोलतो. आणि आमच्याकडे पोराला पहिलं हेच शिकवतात की पहिल्या दिवशी सगळा जोर दाखवायचा नाही. दाखवलास की तेवढं रोज खणावं लागेल, तुलाच नाही, सगळ्या टोळीला. तेव्हा थोडा जोर राखायचा, पण तोंडाने कण्हायचं भरपूर. मी तसंच केलं. असा कण्हलो की शेजारच्या खोलीतलं बाळ उठलं. आकडा आला सतरा. मनात म्हटलं, फसला मुकादम.

पाड्यावर संध्याकाळी सांगितलं की मी अशी लाथ घातली, जव्हारची लाईट गेली, आणि दाभोशाचा धबधबा घटकाभर उलटा वर चढला. लोक हसले. यमुना तेवढी बोलली, "लाथ घातलीस तर ये ना चुलीपाशी चालत."

तरी मला आत एक आधार होता. आपण राखून ठेवलंय. लागेल तेव्हा काढू. त्या आधारावर मी हिवाळा काढला. प्रत्येक खेपेला मशीन सतरावर बेतलेलं काम द्यायचं आणि मी निम्म्या मनाने करायचो.

होळीच्या सुमाराला मॅडमनी तिथल्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर पडदा बघून म्हणाले, "फरक नाही. इथंच थांबलेलं दिसतंय. मशीनसाठी दुसरे पेशंट थांबलेत. तुम्ही आता घरीच व्यायाम करा."

मी म्हटलं, एकदा परत लावा. यमुना दाराशी उभी होती. मी खुर्चीच्या दोन्ही कडा धरल्या आणि राखलेलं सगळं बाहेर काढलं. डोळ्यापुढे अंधार आला. या वेळी तोंडातून आवाज पण निघाला नाही.

एकोणीस.

पन्नास किलोचा तांदूळ खांद्यावर घेऊन घाट चढणारा मी. राखून ठेवलेलं म्हणजे दोन किलो. बाकी कोठार रिकामंच होतं आणि मी दाराला कुलूप लावून राखण करत बसलो होतो.

मॅडमना मी मुकादमाची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत, रागावल्या पण नाहीत. म्हणाल्या, "मशीनला तुमच्याकडून काम करून घ्यायचं नव्हतं, दादा. तुम्ही कमी लावलं म्हणून त्याने पण कमी लावलं." डॉक्टर म्हणाले, "शिरा फार सावकाश भरतात. पहिले महिने मोलाचे असतात. ते गेले. पुढे किती भरतील सांगता येत नाही." पण पावसाळ्यापर्यंत यायला परवानगी दिली.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना एवढंच सांगतो. पहिल्या दिवशी सगळा जोर लावा. थोडा असला तरी सगळा लावा.

त्या संध्याकाळी आमच्या घरी जमलेल्या सगळ्यांसमोर रघूने विचारलं, "काय रं, आज कुठली लाईट गेली?"

मी म्हटलं, "एकोणीस किलो. त्याहून बोकड पण जड असतो."

सगळे पोट धरून हसले. त्यांना वाटलं आजची थाप सगळ्यात भारी. सगळे उठायच्या वेळी मी रोज मागे राहायचो, सगळे गेले की यमुना मला उचलायची. त्या दिवशी थांबलो नाही. त्यांच्यासमोर पालथा झालो, हातांवर, गुडघ्यांवर आलो, रांगत घराच्या मेढीपाशी, मधल्या खांबापाशी, गेलो. मेढ दोन्ही हातांनी धरून वर चढायला लागलो. एकदा घसरलो. रघू पुढे आला, यमुनाने त्याला हाताने अडवलं. पाय थरथरत होते, लाळ गळत होती. हसणं कधी थांबलं ते कळलं नाही. उभा राहिलो तेव्हा मेढीला मिठी मारलेली होती, ती सोडायची हिंमत नव्हती.

 यमुना म्हणाली, "दावलंस ना आता सगल्यांना? चल, भाकर निवली."

चुलीपर्यंत तिच्या खांद्यावर हात टाकून गेलो.