आईच्या काउंटरवरून दिसणारं कॉलेज

आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर एक इंजिनिअरिंग कॉलेज होतं आणि त्याचं कॅन्टीन माझी आई चालवायची. पोरं तिला मावशी म्हणायची, प्राध्यापकही मावशीच म्हणायचे. एकदा तर प्रिन्सिपॉलांच्या म्हाताऱ्या आईनेही तिला मावशी म्हटलं. तो राग तिच्या मनात बरेच दिवस होता.

शाळा सुटली की मी दप्तरासकट तिथेच. उकळणारा चहा, ओल्या फडक्याचा वास, टेबलांवर कर्कटकाने कोरलेली नावं. काउंटरमागच्या स्टुलावर मी अभ्यास करायचे आणि गणित अडलं की समोरचा कुठलाही दादा सोडवून द्यायचा. ते दिवस आठवले की अजूनही गलबलून येतं.

बारावीनंतर मला दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता. एक हे कॉलेज, दुसरं रात्रभराच्या प्रवासावरचं. मी मनाशी हेच पक्कं केलं होतं. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. मी गेले तर आई एकटी जेवणार.

"इथे नाही घ्यायची ॲडमिशन," कप विसळता विसळता आई म्हणाली.

मी उडालेच. प्रवेशाच्या दिवसांत आईबाप मुलांना घेऊन कॅन्टीनमध्ये टेकायचे आणि हळूच विचारायचे, "मावशी, कॉलेज कसं आहे हो?" त्यावर आई दर वर्षी तोंड भरून सांगायची, "अगदी निर्धास्त राहा!"

"सगळ्यांना तर चांगलं सांगतेस!"

"ते माझं गिऱ्हाईक. तू माझी मुलगी."

"अगं, पण इथे वाईट काय आहे?"

तिने नुसती हनुवटी उचलून समोर दाखवलं. ऐन तासाची वेळ होती आणि एक खुर्ची रिकामी नव्हती. कोपऱ्यात पत्त्यांचा डाव रंगला होता. ज्यांनी वर्गात शिकवत असायला हवं, ते सर खिडकीपाशी बसून दुसरा चहा मागवत होते.

"हे सगळे तासाला बसले असते तर माझ्याकडे कोण फिरकलं असतं? यांच्या दांड्यांवर आपलं घर चाललंय. तुझी दांडी मला नको."

मी भांडले, रडले, अबोला धरून पाहिला. शेवटी म्हटलं, "तू एकटी जेवशील." तेव्हा मात्र तिने हातातलं काम उरकून घेतलं. फडकं पिळलं, झटकलं, वाळत टाकलं.

"जेवेन. होईल सवय," ती म्हणाली आणि माझी बॅग भरायला लागली.

नव्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात एक तास मोकळा मिळाला म्हणून मी कॅन्टीनमध्ये गेले. सगळी टेबलं रिकामी. काउंटरवरची बाई माशा मारत बसली होती आणि वरच्या मजल्यावरून शिकवण्याचे आवाज येत होते. आईचं म्हणणं खरं निघालं होतं. तिची खूप आठवण आली.

संध्याकाळी फोनवर सांगितलं, "आई, इथलं कॅन्टीन अगदी ओस असतं. काउंटरवरची बाई नुसती बसून असते."

वाटलं, आता ही खूश होणार, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" असं ऐकवणार. पण तिला वेगळीच काळजी लागली.

"मग त्या बाईचं कसं भागत असेल गं?" आई म्हणाली. "तास संपला की रोज एक चहा तिच्याकडे पीत जा."