शिक्क्यासाठी सोडलेली जागा

माझं पहिलं चित्र चोरीला गेलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. यवतमाळातल्या एका केसतेलवाल्यासाठी मी बाटलीवर चिकटवायची चिठ्ठी रंगवली होती. पाटावर बसलेली बाई, डाव्या खांद्यावरून पुढे आलेली वेणी. दुकानदाराने ती पंधरा दिवस ठेवून घेतली आणि पसंत नाही म्हणून परत केली. परत आली तेव्हा कागदाच्या चारही कोपऱ्यांत टाचणीची भोकं होती. मला त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही. दिवाळीत बाजारात बाटल्या आल्या. त्यांवर माझीच बाई होती, फक्त वेणी उजव्या खांद्यावर होती. कागद टाचण्यांनी उलटा टाचून गिरवला की असं होतं.

मी दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, जगात एकाच बाईला वेणी असते का? माझ्याकडे पुरावा नव्हता. त्या दिवसापासून माझा कोणावर सहजासहजी विश्वास बसत नाही. त्यात माझं फारसं नुकसान झालं असं मला वाटत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात नागपूरच्या एका जाहिरात कचेरीची जाहिरात वर्तमानपत्रात आली. चित्रकार पाहिजे, स्वतःच्या कामाचे नमुने घेऊन समक्ष भेटावे, स्त्रियाही चालतील. मी ते तीनदा वाचलं. नमुने मागतात याचा अर्थ मला आता ठाऊक होता. पण जायचं तर होतंच. दुसरीकडे बाबांनी माझ्यासाठी शाळेत अर्ज टाकून ठेवला होता. मला मुलं शिकवायची नव्हती. मला अक्षरं काढायची होती, मोठी, भिंतीवरून वाचता येतील अशी.

नमुने चोरले जाऊ नयेत म्हणून मी एक उपाय काढला. दाखल्याची नक्कल खरी आहे असं सांगायला आपण हेडमास्तरांची सही-शिक्का घेतो. मग चित्र माझं आहे असं सांगायलाही सही-शिक्का का नको? मी माझ्या जुन्या शाळेच्या हेडमास्तरांकडे चित्रं घेऊन गेले आणि प्रत्येकावर "हे चित्र हिने काढले आहे" असं लिहून द्या म्हटलं.

ते माझ्याहून संशयी निघाले. "मी पाह्यलं काय तुले काढताना? न पाहता कसा लिहू?"

"सर, ड्रॉइंगच्या परीक्षेला तुम्हीच बसवलं होतं मला."

"ते परीक्षेचं झालं. हे साबणाचं कोणं काढलं, मले काय माहीत?"

म्हणून सगळी चित्रं मी पुन्हा त्यांच्यासमोर काढली. मे महिना, शाळा रिकामी. ते टेबलाशी बसून पुढच्या वर्षाचं वेळापत्रक आखायचे आणि मी खिडकीखालच्या बाकावर काम करायची. बशीतला रंग कुंचला उचलेपर्यंत वाळायचा. मी बशीखाली ओलं पोतं घालायची. केसतेल, धुण्याचा साबण, दंतमंजन, गुरांसाठी सरकीची ढेप, चहा, लग्नाच्या साड्या, कंदील, बी-बियाण्याचं दुकान, आणि तांड्यावरच्या बायकांसाठी घागऱ्याचं कापड. त्या शेवटच्या चित्राला मी काठ म्हणून आरशांची रांग काढली होती, कारण बाजारात त्या बायका कापडाआधी आरसेच बघायच्या. रोज एक चित्र. अधूनमधून सर चष्म्यावरून बघत. मीच काढते आहे ना, दुसरं कोणी बाकाखाली बसलेलं नाही ना, एवढंच.

पहिलं चित्र साबणाचं झालं. त्यांनी खाली दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि जांभळा गोल शिक्का थेट चित्रातल्या बाईच्या गालावर मारला. मी बघतच राहिले. ते म्हणाले, "शिक्का मधातच पाह्यजे. कोपऱ्यात मारला तं कातरीनं कापून घेतीन लोक."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, हीच अडचण होती. शिक्का कापता येऊ नये, पण चित्रही मरू नये. मी साबण पुन्हा काढला. या वेळी बाई डावीकडे सरकवली, अक्षरं वर नेली आणि मध्ये उजवीकडे रुपयाएवढी जागा मोकळी ठेवली. तिथे पेन्सिलीने बारीक फुली केली आणि सरांना सांगितलं, इथे. पुढची आठ मी तशीच काढली, आधी शिक्क्याची जागा ठरवून. गालावर शिक्का बसलेला कागद टाकवेना. चित्रांचा जाड कार्ट्रिज पेपर फुकट मिळत नव्हता. तोही इतरांच्या खाली ठेवला, दोन पुठ्ठ्यांना नाडी लावून बाड बांधलं.

नागपूरला जायच्या तीन दिवस आधी शाळेचं पत्र आलं. बोरी अरबला शिक्षिकेची जागा, पंधरा दिवसांत होकार कळवावा. बाबांनी त्याच संध्याकाळी होकार लिहिला आणि पाकीट सदऱ्याच्या खिशात ठेवलं. चौदाव्या दिवशी टपालात टाकीन म्हणाले. तोवर तुझं नागपूर काय ते बघून घे.

माय माझ्यासोबत आली. तिला त्या कचेरीचा माझ्यापेक्षाही जास्त संशय होता. ती बाहेरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली आणि दार लावून घेऊ देऊ नको असं मला दोनदा बजावलं.

आत एक सडपातळ गृहस्थ होते, कपाळावर चष्मा, बोटांना शाई. त्यांनी बाड उघडलं आणि एकेक चित्र उलटत गेले. चहाच्या चित्रापाशी थांबले. टेबलाच्या खणातून भिंग काढलं. मला वाटलं अक्षरं बघताहेत. ते शिक्का बघत होते.

"ही कधीची चित्रं?"

मागच्या महिन्यातली, मी म्हटलं.

"शिक्का मध्यप्रदेशचा आहे," ते म्हणाले. "आपण मुंबई राज्यात जाऊन दीड वर्ष झालं. आणि चित्रात चहाची पुडी सहा नव्या पैशांची. मध्यप्रदेशात होतो तेव्हा नवे पैसे होते का?"

त्यांनी भिंग माझ्याकडे सरकवलं. मी पाहिलं. शिक्क्याच्या गोलात शाळेचं नाव, गावाचं नाव आणि शेवटी म. प्र. नऊच्या नऊ ठिकाणी. शाळेत असताना त्याच शिक्क्याचे दाखले मी घेतले होते, पण शिक्का कोण वाचतो?

ते शांतपणे म्हणाले, एक तर कोणीतरी जुना शिक्का पैदा केला आहे, नाही तर जुन्या चित्रांवर नवे पैसे मागाहून घातले आहेत. मी सांगितलं की सरांकडे नवा शिक्का आला नसणार. ते म्हणाले, असू शकतं. पण चित्रं स्वतःची असतील तर शिक्का मारून कोण आणतं? इतकी वर्षं माणसं येतात, शिक्का मारून आणणाऱ्या तुम्ही पहिल्या.

मग मी त्यांना केसतेलाची गोष्ट सांगितली. टाचणीची भोकं, उजव्या खांद्यावरची वेणी. ऐकताना ते चित्रंच बघत होते. गोष्ट संपल्यावर त्यांनी विचारलं, "शिक्का कुठे मारायचा, हे कोणी ठरवलं?"

"मी. पहिला बाईच्या गालावर बसला. म्हणून मग जागा सोडून काढलं."

"तो गालावरचा आहे?"

मी खालून तो कागद काढून दिला. त्यांनी साबणाची दोन्ही चित्रं शेजारी ठेवली आणि बराच वेळ बघितली. अक्षरांवर, मग मोकळ्या जागेवर, बोट फिरवत गेले. शेवटी म्हणाले, भागीदार परवा मुंबईहून येणार आहेत, बाड ठेवून जा, आठ-दहा दिवसांत कळवू.

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. मी म्हटलं, बाड सोबत नेईन, परवा पुन्हा येईन. ते म्हणाले, पुन्हा यायची गरज नाही, पण नमुने न बघता भागीदार कोणाला ठेवत नाहीत. त्यांच्या आवाजात राग नव्हता. उलट त्यामुळेच मला ठरवता येईना. मी बाहेर आले आणि मायला विचारलं.

"ठेवून ये," ती म्हणाली. "पण चिठ्ठी लिहून घे. शिक्क्यासगट."

मी आत जाऊन तेच सांगितलं. त्यांनी कचेरीच्या कागदावर यादी लिहिली, चित्रं दहा, त्यांतलं एक खराब, असं. सही केली. मी शिक्का मागितला. त्यांनी खणातून शिक्का काढला, पॅडवर दाबला आणि कागदावर उठवला. मी चिठ्ठी हातात घेऊन वाचली. मग ती त्यांना वाचता येईल अशी फिरवून समोर धरली. भिंगाची गरज नव्हती. नागपूर, मध्यप्रदेश.

त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, वाचलं, आणि पुन्हा वर ढकलला. "रबराचा आहे," ते म्हणाले. "झिजेपर्यंत चालवतो आम्ही."

"आमचे सरही," मी म्हटलं.

बाबांच्या खिशातलं पाकीट घामाने मऊ झालं होतं. तेराव्या दिवशी नागपूरचं पत्र आलं. तीन महिने कामाच्या परीक्षेसाठी, मग कायम. बाबांनी पाकीट फाडलं आणि शाळेला नकार लिहायला कागद मागितला.

रुजू झाले त्या सकाळी मी आधी बाड मागितलं आणि चित्रं चिठ्ठीशी ताडून बघितली. दहाच्या दहा होती. पण केसतेलाच्या, सरांसमोर काढलेल्या नव्या कागदाला चारही कोपऱ्यांत टाचणीची भोकं होती. मी कागद घेऊन सरळ त्या गृहस्थांच्या टेबलाशी गेले आणि विचारलं, हे काय?

त्यांनी समोरच्या भिंतीवरच्या लाकडी फळीकडे हात केला. भागीदारांना चित्र दुरून बघायचं होतं, तिथे लावलं होतं.

फळीवर शेकडो भोकं होती. मी कागद तिच्यावर धरला आणि इकडेतिकडे सरकवत राहिले. कचेरीतली दोन माणसं काम थांबवून बघत होती. खालच्या बाजूला, डावीकडे, चारही कोपरे एकदम जुळले. मी खात्रीसाठी प्रत्येक भोकात टाचणी घालून पाहिली. चारही आत गेल्या.

"पटलं?" त्यांनी विचारलं.

"या कागदाचं पटलं," मी म्हटलं, आणि माझी जागा कोणती ते विचारून बसले.