शेराशेराने वाढलेली ताकद

व्यायामाच्या पहिलीत मी सतत पहिला येत होतो, आणि म्हणूनच मला दुसरीत जायचं नव्हतं.

घुग्घुसमधल्या आमच्या जिममध्ये कोळशाच्या ट्रकांची धूळ इतकी येते, की डंबेल उचलण्याआधी ते शोधावं लागतं. तिथला ट्रेनर रोशन, त्याने मला नवशिक्यांचा प्रोग्राम दिला. अगदी सोपा! मोजकेच व्यायाम, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडं जास्त वजन. पहिले काही महिने मी असा सुटलो, की याच वेगाने गेलो तर दोन वर्षांत ड्रायव्हरसकट ट्रक उचलीन, असा हिशेब मांडला. (मी शाळेत विज्ञान शिकवतो. हिशेब चुकण्याचा प्रश्नच नव्हता.)

मग एक दिवस खांद्यावर वजन घेऊन खाली बसलो आणि वर येता येईना. मी बुटांना दोष दिला. पुढच्या खेपेला उकाड्याला दिला. त्यानंतर वंदनाच्या, म्हणजे बायकोच्या, पातळ वरणाला दिला. रोशनने दोनदा वजन कमी करून पुन्हा चढवून पाहिलं, पण गाडी तिथेच अडली.

"भाऊ, तुमचं नवशिक्याचं झालं आता," तो म्हणाला. "पुढचा प्रोग्राम घ्या. एक दिवस जड, एक दिवस हलकं, अन् वजन हप्त्यातून एकदाच वाढवाचं."

"म्हणजे मी हळू झालो?"

"मजबूत झाले, म्हणून हळू. सगळ्याइचं असंच असते."

सगळ्यांचं! हा शब्द मला झोंबला. मी जिम सोडली आणि जाता जाता दारातून गर्जना केली, "घरी वजन वाढवून दाखवतो! नाई दाखवलं, तं सगळ्याइसमोर कान पकडीन!" जिममधल्या सगळ्या पोरांनी ते ऐकलं. त्यातली निम्मी माझे माजी विद्यार्थी होती, आणि मी त्यांचे कान धरलेले होते. त्यामुळे त्यांना या प्रकरणात फारच रस वाटू लागला.

घरी बोअरवेलचा उरलेला पाइप होता. त्याच्या दोन टोकांना दोन चुंगड्या, म्हणजे पोती, टांगून मी कावड केली. त्यात भरले सासरचे तांदूळ. दरवर्षी कुरखेड्याहून माझा साळा दिनेश वर्षाचे तांदूळ आणून देतो. जिममध्ये अडलं होतं तेवढंच वजन किराणा दुकानाच्या काट्यावर एकदा करून आणलं. पुढे प्रत्येक वेळी स्वयंपाकघरातल्या ड्रममधून शेरभर तांदूळ या चुंगडीत, शेरभर त्या चुंगडीत. पुन्हा मोजायची गरज काय? मी टाकतोय, म्हणजे वाढतंय!

"अवो, थे खाचे तांदूळ आहेत," वंदना म्हणाली.

"खाऊ ना मग! आधी उचलू तं दे!"

आणि चमत्कार झाला. अडलेली गाडी सुटली! पावसाळाभर शेरामागून शेर टाकत गेलो आणि उठत गेलो. चुंगडी काही भरत नव्हती. पण तांदूळ दबतात, असा शास्त्रीय खुलासा मीच मला दिला. ताकद टिकावी म्हणून तिन्ही त्रिकाळ भात खाऊ लागलो. ताट रिकामं होण्याआधीच ओरडायचो, "वंदना, वाढ अजून! पहिलवान जेवून राह्यला इथी!" ती मुकाट्याने वाढायची. तिच्या मुकाटपणाचा मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

शेवटी रोशनला रविवारी घरी बोलावलं. सोबत ती पोरंही आली. योगायोगाने शनिवारीच दिनेश नवे तांदूळ घेऊन आला होता. रविवारी सकाळी पाहतो तर दोन्ही चुंगड्या गच्च! त्या दिवसाचा शेर मावेचना. मी मनात म्हटलं, भरल्या एकदाच्या!

कावडीखाली शिरलो. उठताना गुडघ्यांतून कटकट असा आवाज आला, तो मी आत्मविश्वासाचा समजलो. खाली बसलो. छान बसलो. नंतर बसूनच राहिलो.

"उठा भाऊ," रोशन म्हणाला.

"उठून राह्यलो ना!"

"नाई उठून राह्यले."

"मनातून उठून राह्यलो!"

तेवढ्यात पाइप घसरला, मी मागे कोसळलो, दोन्ही चुंगड्या फाटल्या आणि अंगणभर तांदूळ पसरले. शेजारच्या कोंबड्या तर आमंत्रण असल्यासारख्या धावत आल्या. कमरेत अशी कळ निघाली, की मला उठवायलाही दोघं लागले. पोरं तोंडं दाबून उभी होती.

"असं कसं झालं?" मी कण्हलो. "परवापर्यंत तं आरामात उचलत होतो!"

"भाऊजी, काल मी आलो तं थ्या चुंगड्या अर्ध्याच होत्या," दिनेश निरागसपणे म्हणाला. "नवे तांदूळ आणले, तं मीच भरून देल्या."

"अर्ध्या? मी तं दर वेळी शेर-शेर टाकत होतो!"

"अन् मी रोज काढून परत ड्रममध्ये टाकत होती," वंदना म्हणाली. "ड्रम तुमीच रिकामा करत होते. भात काय कोळशाचा रांधू?"

"दोन्ही चुंगड्यांतून काढत होतीस?"

"मंग! एकाच बाजूनं काढले असते, तं वाकडे नसते झाले का तुमी?"

इतकी काळजी करणारी बायको मिळायला भाग्य लागतं. रोशनने उभ्या उभ्या हिशेब केला: जेवढं वजन घेऊन मी त्याच्याकडून निघालो होतो, त्याच्या बऱ्याच खाली मी पोचलो होतो. मी कंबर धरलेली होती; ती सोडून दोन्ही कान पकडले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या आयुष्यात गुरुजींनी इतकं मनापासून काही शिकवलं नव्हतं.

तरी माझ्यातला विज्ञानशिक्षक मेला नव्हता. कान धरूनच मी विचारलं, "पण पावसाळाभर टाकलेलं एवढं वजन गेलं कुठी?"

वंदनाने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "कुठीच नाई गेलं. थे तं तुमी दिवसभर उचलून फिरून राह्यले. खाली ठेवता येत नाई, येवढंच!"