संत्रीची बदली

दगडू एक दिवसही फौजेत नव्हता, पण त्याच्याइतका पक्का पहाऱ्याचा संत्री महूच्या छावणीतही सापडला नसता. त्याच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आजीने हटकून दगडू नाव ठेवलं, दगड म्हणून तरी राहील. राहिला. वडील फौजेत हवालदार, तेव्हा यानेही भरतीसाठी जिवाचं रान केलं. तीनदा परत पाठवला, आणि मग त्याचं डोकं फिरलं ते फिरलंच. तेव्हापासून इंदूरला, पोलोग्राउंडच्या मागच्या गल्लीतल्या घराच्या गच्चीवर, वडिलांची जुनी टोपी घालून आणि पडद्याचा दांडा खांद्याला लावून तो पहारा देत उभा असायचा.

त्याला खाली आणायचं कसं, हे फक्त धाकट्या भावाला जमायचं. रत्नपाल पोलिसात हेड कॉन्स्टेबल, इकडच्या बोलीत दीवानजी. संत्री आपली पोस्ट सोडत नाही, दुसरा वर्दीवाला येऊन बदली करेल तेव्हाच हलतो, हे वडिलांनी लहानपणी दोघांना शिकवलं होतं. दगडूच्या डोक्यातून बाकी सगळं उडालं, हे तेवढं टिकलं. म्हणून रत्नपाल ड्यूटीवरून आला की बूटसुद्धा न काढता गच्चीवर जायचा, कडक सॅल्यूट ठोकायचा आणि म्हणायचा, "संत्री बदली." दगडू दांडा त्याच्या हाती द्यायचा, खाली यायचा, मुकाट्याने जेवायचा, गोळी घ्यायचा. साध्या कपड्यांत मात्र साक्षात बाप आला असता तरी हलला नसता. एकदा रत्नपाल तापाने फणफणलेला, तसाच लुंगी-बनियनवर वर गेला, तर दादाने ओळखसुद्धा दाखवली नाही.

घरात बायको शशिकला आणि मुलगी मानसी, दोघींना हे माहीत होतं. रत्नपालच्या पोलीस थाण्यात कोणालाच नाही. थाण्यात विचारलं तर भाऊ गावाकडे असतो!

मागच्या वर्षी थाण्यातल्या सगळ्यांना ट्रेनिंगला बसवलं. मनाचा तोल गेलेल्या माणसाशी पोलिसांनी कसं वागायचं, ते शिकवायला अरुंधती नावाच्या डॉक्टर आल्या होत्या. बाई चांगल्या होत्या, उगाच नावं ठेवू नयेत. सायरन बंद करा. डंडा गाडीतच ठेवा. बोलायचं एकानेच, तेही हळू. वर्दीची भीती वाटते, म्हणून टोपी आणि बेल्ट काढा, खाली बसा, रिकामे हात दिसू द्या. रत्नपाल खाली मान घालून ऐकत होता. चौघांनी झडप घालून दोरीने आवळायची जुनी पद्धत त्याने स्वतःच्या हातांनी केलेली होती. आणि तसं करून घरी आल्यावर त्याच हातांनी दादाला वाढलेलंही होतं.

शेवटी बाईंनी विचारलं की इथे कोणाच्या घरी असा माणूस आहे का. प्रत्येकाचं वेगळं असतं, कशाने शांत होतो ते घरच्यांनाच ठाऊक असतं, म्हणून आधीच थाण्यात सांगून ठेवा. रत्नपालचा हात मांडीवरून उठला, कानापर्यंत गेला, कान खाजवून परत आला. मानपुरच्या लोकांशी मानसीच्या लग्नाचं बोलणं चालू होतं. घरात वेडा आहे म्हटल्यावर कोण पोरगी करणार? पोरीचं एकदा होऊन जाऊ दे, मग सांगू. मग! या 'मग'ने किती घरं बुडवली असतील, देव जाणे.

मानपुरची मंडळी रविवारी दुपारी आली. रत्नपालने नवा कुर्ता-पायजमा घातला होता, वर्दी आतल्या खोलीत खुंटीला. दादा गच्चीवर, दाराला बाहेरून कडी. पाहुणे गेले की वर्दी चढवून बदली करू, असा हिशोब. पण दगडूने खाली अनोळखी गाडी पाहिली आणि वरून आवाज आला, "थम! कौन आता है?" उत्तर कोण देणार! तो दांडा कठड्यावर आपटू लागला, आणि मग कठड्यावरच चढला. पाहुण्यांनी वर पाहिलं. रत्नपालने हसून सांगून टाकलं की वर किरायेदार आहे, त्याचा माणूस आहे, जरा पितो-बितो. शशिकलाच्या हातातला पोह्यांचा ट्रे तसाच राहिला.

समोरच्या द्वारकाबाईंनी माणूस कठड्यावर पाहिला आणि घाबरून पोलिसांना फोन लावला. त्यांचं काही चुकलं नाही. गाडी आली ती रत्नपालच्याच थाण्याची. उतरला रजत, ट्रेनिंगला त्याच्याच शेजारी बसलेला पोरगा. सायरन बंद होता, डंडा गाडीतच राहिला. जिन्यावर रजतने आणि त्याच्या जोडीदाराने टोपी काढली, बेल्ट काढला. मग पाहुण्यांच्या देखत त्याने रत्नपालला विचारलं, "इनका घरवाला कोई है क्या, दीवानजी?"

रत्नपालने आतल्या खोलीकडे पाहिलं. खुंटी आठ पावलांवर होती.

"पता नहीं," तो म्हणाला.

कडी काढून दोघे गच्चीवर गेले, खाली बसले, रिकामे हात पुढे केले, गोड बोलू लागले. सगळं शिकवल्याप्रमाणे. पण फौजेत टोपी आणि बेल्ट उतरवतात ते गुन्हा केलेल्याचे, साहेबापुढे उभं करताना. वडिलांनी हेही दोघांना शिकवलं होतं, आणि मागून आलेल्या रत्नपालला गच्चीच्या दारात उभ्या उभ्या ते आठवलं. दगडूने त्या दोघांच्या उघड्या डोक्यांकडे पाहिलं. खाकी अंगावर आणि टोपी नाही, बेल्ट नाही. आता आपली पाळी, असं त्याला वाटलं असणार. त्याने स्वतःची टोपी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि एक पाऊल मागे घेतलं. मागे काही नव्हतं.

"दादा!" रत्नपाल ओरडला. तोवर कठडा रिकामा झाला होता. पाहुण्यांनी ती हाक ऐकली. सगळ्या गल्लीने ऐकली.

चौकशीत कोणाचाच दोष निघाला नाही. रजत मात्र थाण्याच्या मागे जाऊन लहान पोरासारखा रडला, रत्नपालला म्हणाला, "भिया, एक बार बोल तो देते." मानपुरचा फोन पुन्हा आला नाही, आणि घरात कोणी त्याची वाटही पाहिली नाही. मानसी बापाशी बोलेना. दिवसकार्य उरकल्यावर तिने एवढंच विचारलं, "बाबा, वर्दी चढवायला कितीसा वेळ लागला असता?"

अजूनही रत्नपाल संध्याकाळी ड्यूटीवरून येतो आणि बूट न काढता गच्चीवर जातो. दांडा कोपऱ्यात असतो. तो खांद्याला लावून उभा राहतो. खालून शशिकला जेवायला हाका मारते, अन्न निवून जातं, ती पुन्हा हाका मारते. तो खाली येत नाही. त्याची बदली करायला कोणी आलेलं नसतं.